पदवी एक, वाटा दोन : ऑस्टिओपॅथिक महाविद्यालयाची निवड आणि आपण

अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांतील मुले वैद्यकीय शिक्षणाकडे वळतात, तेव्हा त्यांपैकी काहींना 'डी.ओ.' ही पदवी देणाऱ्या महाविद्यालयांत प्रवेश मिळतो. मग येथील आजी-आजोबा, काका-मामा आपल्या नेहमीच्या वैद्यांकडे शंका घेऊन येतात. ही पदवी खरी डॉक्टरची की हाडवैद्याची? ती आपल्या बी.ए.एम.एस.सारखी आहे काय? आणि अशा दोन महाविद्यालयांत प्रवेश मिळाला असेल, तर कोणते स्वीकारावे? ऑस्टिओपॅथी ही 'वेगळी पॅथी' असल्याने वैद्याला तिची माहिती असणारच, असे गृहीत धरून हा प्रश्न आपल्याकडे येतो. तेव्हा त्याचे नेमके उत्तर देणे हे आपले कर्तव्य ठरते. शिवाय या उत्तराचा शोध घेताना आपल्याच शास्त्राच्या भवितव्याचा एक प्रश्न समोर उभा राहतो. म्हणून हा लेखनप्रपंच.

पदवीचे स्वरूप

प्रथम गैरसमज दूर करू. अमेरिकेतील डी.ओ. हा पूर्ण अधिकार असलेला चिकित्सक असतो. तो औषधे लिहून देतो, शस्त्रकर्म करतो, प्रसूती करतो आणि सर्व पन्नास राज्यांत त्याला एम.डी.च्या बरोबरीने परवाना मिळतो. साधारणतः महाविद्यालयीन पदवीनंतर चार वर्षांचा हा अभ्यासक्रम असतो व त्यानंतर निवासी प्रशिक्षण. एम.डी. अभ्यासक्रमातील सर्व विषयांखेरीज सुमारे २०० तासांचे हस्तोपचाराचे शिक्षण त्यात अधिक असते. त्यांच्या परवाना परीक्षेचे नाव कॉमलेक्स. अनेक विद्यार्थी तिच्या जोडीने एम.डी. विद्यार्थ्यांची यू.एस.एम.एल.ई. ही परीक्षाही देतात. अमेरिकेत आज वैद्यकीय शिक्षण घेणाऱ्या दर चार विद्यार्थ्यांत एकाहून अधिक विद्यार्थी ऑस्टिओपॅथिक महाविद्यालयांतील आहे.

ब्रिटनमधील ऑस्टिओपॅथ मात्र निराळा. त्याची नोंदणी १९९३ च्या स्वतंत्र कायद्यान्वये होते व त्याचे कार्यक्षेत्र हस्तोपचारापुरते असते. अमेरिकेबाहेर मिळवलेल्या ऑस्टिओपॅथीच्या पदवीवर वा प्रमाणपत्रावर अमेरिकेत वैद्यकीय परवाना मिळत नाही. परदेशगमनाच्या आशेने अल्पमुदतीच्या वर्गांकडे पाहणाऱ्या आपल्या तरुण पदवीधरांनी हे ध्यानात ठेवावे.

एका शास्त्राचा प्रवास

या पद्धतीचे प्रवर्तक डॉ. अँड्र्यू टेलर स्टिल (१८२८-१९१७) यांनी १८६४ मध्ये मस्तिष्कावरणशोथाच्या साथीत आपली अपत्ये गमावली. तत्कालीन औषधोपचारांवरील त्यांचा विश्वास उडाला. १८७४ मध्ये त्यांनी आपली नवी विचारसरणी मांडली आणि १८९२ मध्ये मिसुरी राज्यातील कर्क्सव्हिल या छोट्या गावी पहिले महाविद्यालय उघडले. राज्याच्या सनदेनुसार त्यांना एम.डी. पदवी देण्याची मुभा होती. त्यांनी ती मुभा बाजूस ठेवून डी.ओ. ही निराळी पदवी दिली. शरीर, मन व आत्मा यांचे ऐक्य, शरीराची स्वतःस सावरण्याची अंगभूत शक्ती आणि रचना व कार्य यांचा परस्परसंबंध ही या शास्त्राची मूलतत्त्वे होत. सत्त्व, आत्मा व शरीर यांचा त्रिदंड आणि स्वभावोपरमाचा विचार शिकलेल्या आपणांस ती परकी वाटू नयेत. तथापि साम्य येथेच थांबते. त्यांच्याकडे संहितांची परंपरा नव्हती आणि द्रव्यगुणाचे भांडारही नव्हते. त्यांच्याकडे होते ते हातांचे कौशल्य.

१९१० च्या फ्लेक्सनर अहवालात आठ ऑस्टिओपॅथिक महाविद्यालयांची पाहणी आहे आणि तीत प्रयोगशाळा, रुग्णालय व प्रवेशपात्रता यांवर कठोर टीका आहे. ही टीका झोंबली, परंतु तिचा परिणाम झाला. उरलेल्या महाविद्यालयांनी अभ्यासक्रम वाढवला. स्टिल यांनी दूर ठेवलेले औषधशास्त्रही त्यांच्या पश्चात अभ्यासक्रमात आले.

पुढील घटना आपण सर्वांनी विशेष लक्ष देऊन वाचावी अशी आहे. १९६१-६२ मध्ये कॅलिफोर्नियातील ऑस्टिओपॅथिक संघटना तेथील एम.डी. संघटनेत विलीन झाली. लॉस एंजलिसचे ऑस्टिओपॅथिक महाविद्यालय एम.डी. महाविद्यालय बनले. पासष्ट डॉलर शुल्क भरून दोन हजारांहून अधिक डी.ओ. चिकित्सकांनी एम.डी. पदवी घेतली. १९६२ च्या नोव्हेंबरातील सार्वमताने त्या राज्यात नव्या डी.ओ.ना परवाने देणेही बंद झाले. देशभरात त्यांची अवघी पाच महाविद्यालये उरली. शास्त्राचा अंत जवळ आला, असे वाटण्याजोगी ती स्थिती होती.

परंतु तसे घडले नाही. १९६६ मध्ये अमेरिकी सैन्यदलात वैद्यकीय अधिकारी म्हणून डी.ओ.ना प्रवेश मिळाला. १९७३ पर्यंत सर्व राज्यांनी पूर्ण परवाना मान्य केला. १९७४ मध्ये कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने तेथील बंदी उठवली आणि १९७७ मध्ये त्याच राज्यात, पोमोना येथे, नवे ऑस्टिओपॅथिक महाविद्यालय सुरू झाले. आज अशा महाविद्यालयांची संख्या चाळीसहून अधिक आहे. दोहोंच्या निवासी प्रशिक्षणाची मान्यता २०२० पासून एकाच संस्थेकडे आहे.

दोन महाविद्यालये, दोन स्वभाव

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. उदाहरणादाखल दोन महाविद्यालये घेऊ. दोन्ही पूर्ण मान्यताप्राप्त आहेत, दोन्हींची पदवी एकच आहे, परंतु स्वभाव भिन्न आहेत.

पहिले कर्क्सव्हिलचे. आज ते ए. टी. स्टिल विद्यापीठाचा भाग असून खासगी संस्थेचे आहे. हे ऑस्टिओपॅथीचे आद्यपीठ. या शास्त्राचे संग्रहालय तेथेच आहे. पहिली दोन वर्षे विद्यार्थी या लहान गावात राहून शिकतात. गावात अन्य आकर्षणे थोडी, त्यामुळे अध्ययन एकाग्रतेने होते. तिसऱ्या व चौथ्या वर्षी मात्र हे विद्यार्थी निरनिराळ्या राज्यांतील प्रशिक्षण-केंद्रांत विखुरतात.

दुसरे मिशिगन स्टेट विद्यापीठाचे. त्या राज्यात ऑस्टिओपॅथिक चिकित्सकांची व त्यांच्या रुग्णालयांची संख्या मोठी होती. १९६९ मध्ये पॉन्टियाक येथे स्थापन झालेले हे महाविद्यालय १९७१ मध्ये ईस्ट लान्सिंग येथील विद्यापीठाच्या परिसरात आले. शासकीय विद्यापीठातील हे पहिले ऑस्टिओपॅथिक महाविद्यालय. त्याच विद्यापीठात एम.डी. पदवीचेही महाविद्यालय आहे. एकाच विद्यापीठाच्या छत्राखाली दोन्ही पदव्यांचे विद्यार्थी शिकतात आणि पुढे मिशिगनमधीलच संलग्न रुग्णालयांत त्यांचे प्रशिक्षण होते. राज्यातील रहिवाशांना शुल्क कमी, बाहेरच्यांना पुष्कळ अधिक.

एक मूळ पीठ, स्वतंत्र व काहीसे एकाकी. दुसरे मोठ्या विद्यापीठाच्या कुटुंबातले, एम.डी. भावंडाशेजारी वाढलेले. आपल्या परिभाषेत बोलायचे तर एकाकडे 'शुद्ध' वातावरण आणि दुसऱ्याकडे 'मिश्र' सहवास. आपल्यापैकी कित्येकांचा कौल ऐकताक्षणीच पहिल्याकडे जाईल, कित्येकांचा दुसऱ्याकडे. आमचे नम्र मत असे की, या भेदावर निवड करू नये. निवडीचे निकष निराळे आहेत.

निवडीचे निकष

एक, मान्यतेची अवस्था. नव्या महाविद्यालयास पहिली तुकडी उत्तीर्ण होईपर्यंत पूर्ण मान्यता मिळत नाही. तोवर त्याचा दर्जा पूर्वमान्यतेचा असतो. दोहोंपैकी एक महाविद्यालय या अवस्थेत असेल, तर त्याचे निकाल अद्याप कोणीच पाहिलेले नाहीत हे लक्षात घेऊनच निर्णय करावा.

दोन, तिसऱ्या व चौथ्या वर्षांचे रुग्णालय. बहुसंख्य ऑस्टिओपॅथिक महाविद्यालयांचे स्वतःचे मोठे रुग्णालय नसते. तेव्हा विद्यार्थ्याचे प्रशिक्षण कोठे, कोणत्या रुग्णालयात, किती काळ सलग होणार? ती व्यवस्था महाविद्यालय करते की विद्यार्थ्यालाच धावपळ करावी लागते? तेथे निवासी डॉक्टरांसमवेत काम मिळते की एखाद्या चिकित्सकाच्या दवाखान्यात मागे उभे राहून पाहावे लागते? मुलाखतीस गेलेल्या विद्यार्थ्याने हे प्रश्न निःसंकोच विचारावेत आणि चौथ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना स्वतंत्रपणे गाठून पडताळून पाहावेत.

तीन, आमच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा निकष. पहिल्या दोन वर्षांत मेजावर शिकवलेला हस्तोपचार तिसऱ्या वर्षी रुग्णशय्येपाशी पोहोचतो काय? रुग्णालयात तो करून दाखवणारा, विद्यार्थ्याच्या हातावर आपला हात ठेवून दुरुस्ती करणारा गुरू आहे काय? हा प्रश्न निष्कारण नाही. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत उत्तरे देणाऱ्या अमेरिकी डी.ओ.पैकी निम्म्याहून अधिकांनी आपण कोणाही रुग्णावर हस्तोपचार करीत नसल्याचे सांगितले. वेळ नाही, मोबदला पुरेसा नाही, कामाच्या ठिकाणी पाठबळ नाही आणि आत्मविश्वास उरला नाही, ही त्यांनी दिलेली कारणे.

चार, निकाल. अलीकडच्या वर्षांत अंतिम वर्षातील डी.ओ. विद्यार्थ्यांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिकांना निवासी प्रशिक्षणाच्या राष्ट्रीय निवडीत जागा मिळते. म्हणून नुसती टक्केवारी विचारून काही कळत नाही. कोणत्या शाखेत, कोणत्या रुग्णालयात जागा मिळाल्या याची यादी मागावी. पहिल्या वर्षी दाखल झालेल्यांपैकी किती जण चार वर्षांत बाहेर पडले हेही विचारावे. काही मोजक्या शस्त्रकर्मप्रधान शाखांत डी.ओ.ना प्रवेश आजही एम.डी.पेक्षा कठीण जातो. ज्याचे ध्येय तेच असेल, त्याने त्या शाखेचे प्रशिक्षण देणारी रुग्णालये कोणत्या महाविद्यालयाशी जोडलेली आहेत हे आधी पाहावे.

पाच, ऋण. २०२५ मध्ये झालेल्या कायद्यानुसार १ जुलै २०२६ पासून नव्या व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या विद्यार्थ्यांना मिळणाऱ्या केंद्रीय कर्जावर वर्षाला ५०,००० डॉलर व एकूण २,००,००० डॉलर अशी मर्यादा आहे. त्यापलीकडचा खर्च घरचा किंवा खासगी कर्जाचा. विद्यार्थी-व्हिसावर गेलेल्यास हे केंद्रीय कर्ज सामान्यतः मिळतच नाही. कर्जाच्या ओझ्याखालचा पदवीधर मनाजोगती शाखा निवडत नाही, अधिक वेतनाची निवडतो. ग्रामीण भागात कुटुंबवैद्य होण्याचे स्वप्न घेऊन निघालेल्या मुलाने हा हिशेब प्रवेशापूर्वी मांडावा.

या निकषांवर आमचा कौल असा. विद्यार्थी मिशिगनचा रहिवासी असेल तर सहसा मिशिगन स्टेट स्वीकारावे. शुल्क कमी, प्रशिक्षण एकाच राज्यात आणि मोठ्या विद्यापीठाची साथ. अन्य राज्यातील विद्यार्थ्याला, विशेषतः हस्तोपचार हेच ज्याला जीवितकार्य करावयाचे आहे त्याला, कर्क्सव्हिलचे आकर्षण वाटणे स्वाभाविक आहे. परंतु आपणांस कोणत्या प्रशिक्षण-केंद्रात जावे लागेल आणि तेथे हा उपचार चालतो काय, याची खात्री केल्यावाचून केवळ आद्यपीठ म्हणून तेथे जाऊ नये. संग्रहालयात जपलेली परंपरा आणि हातात उतरलेली परंपरा यांत अंतर असते.

आपण काय घ्यावे?

ऑस्टिओपॅथीचा दाखला आपल्या सभा-संमेलनांत अधूनमधून दिला जातो. त्यांना पूर्ण अधिकार मिळाले, मग आम्हांस का नाहीत, असा युक्तिवाद होतो. २०१७ च्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोग विधेयकात सेतू-अभ्यासक्रमाचे कलम आले व २०१८ मध्ये ते वगळले गेले, तेव्हाही हा युक्तिवाद आपण ऐकला. दाखला द्यावयाचा तर तो संपूर्ण द्यावा. त्यांना अधिकार मिळाले ते आधुनिक वैद्यकाचा पूर्ण अभ्यासक्रम, परवाना परीक्षा आणि निवासी प्रशिक्षण यांतून गेल्यावर. कोणत्याही एका अध्यादेशाने ते मिळाले नाहीत. आणि त्या अधिकारांसोबत हस्तोपचार हातून निसटत गेला, हाही त्याच कथेचा उत्तरार्ध आहे. अधिकारांच्या बाजूचे लोक पूर्वार्ध सांगतात आणि शुद्धतेच्या बाजूचे उत्तरार्ध. दोन्ही अर्धे एकत्र वाचले तरच बोध होतो.

आमच्या मते तो बोध असा. शास्त्र अभ्यासक्रमात टिकत नाही, ते बाह्यरुग्ण विभागात टिकते. दोनशे तास शिकवूनही जे रुग्णापाशी वापरले जात नाही, ते एका पिढीत केवळ नावापुरते उरते. आपल्याकडे १९६३ च्या व्यास समितीने शुद्ध आयुर्वेदाच्या अभ्यासक्रमाचा पुरस्कार केला. त्याआधी व त्यानंतर मिश्र की शुद्ध हा वाद जी.एफ.ए.एम. आणि डी.एस.ए.सी. यांच्या काळापासून आपण करीत आलो. १९७० च्या कायद्याने केंद्रीय परिषद आली, २०२० च्या कायद्याने तिच्या जागी राष्ट्रीय आयोग आला, अभ्यासक्रम अनेकदा बदलले. या साऱ्यात एक प्रश्न मात्र पुरेशा आग्रहाने विचारला गेला नाही. आंतरवासीय विद्यार्थ्याने वर्षभरात स्वतःच्या हाताने किती रुग्णांची दशविध परीक्षा केली, किती बस्ती दिले, किती वमन-विरेचनांचे संसर्जन क्रमापर्यंत निरीक्षण केले?

सुज्ञ वाचकांस वस्तुस्थिती सांगणे न लगे. आपल्याकडे बी.ए.एम.एस.ला प्रवेश घेताना पालक शुल्क, इमारत, वसतिगृह आणि घरापासूनचे अंतर पाहतात. बाह्यरुग्ण विभागाची नोंदवही कोणी पाहत नाही. आंतरवासीय वर्षात अनेक विद्यार्थी सायंकाळी एखाद्या नर्सिंग होममध्ये निवासी वैद्यकीय अधिकारी म्हणून उभे राहतात आणि त्यांचे खरे शिक्षण तेथे होते. सलाईन लावणे त्यांना सफाईने येते. स्नेहपानाची मात्रा ठरवताना मात्र हात अडखळतो. त्यांना दोष देऊन भागणार नाही. ज्या वयात हात घडतात, त्या वयात त्यांना रुग्ण कोठे मिळाले, हा खरा प्रश्न आहे.

औषधनिर्माते व औषधालय-चालक बंधूंनी हा विषय केवळ वैद्यांचा मानू नये. ऑस्टिओपॅथीचा उपचार बाटलीत भरता येत नाही. चिकित्सकाने हात वापरणे सोडले की उपचारच थांबतो. आपली औषधे बाटलीत भरता येतात, म्हणून वैद्य निष्प्रभ झाला तरी व्यवसाय चालेल असा भास होतो. तो भासच आहे. ज्या गावात वैद्य कोष्ठ, अग्नी व दोषदूष्य पाहून योजना करतो, तेथे भरड, क्वाथ, आसवारिष्टे, घृते, रसकल्प असे सारे कपाट हलते. जेथे असा वैद्य नाही, तेथे जाहिरातीतील चार गोळ्या, एक तेल आणि खोकल्याचे एक सायरप एवढ्यावर दुकान येऊन ठेपते. महातिक्तक घृताची बरणी धूळ खात पडते आणि पुढच्या वर्षी ते मागवलेच जात नाही. पुढे ते बनवणेही बंद होते. वैद्याचे निदान कच्चे राहिले की निर्मात्याची सूची आखूड होते, हा संबंध कार्यकारणाचा आहे.

काय करता येईल?

आमच्या तीन सूचना आहेत. तिन्हींसाठी शासनाकडे जाण्याची आवश्यकता नाही.

पहिली, संघटनेने बी.ए.एम.एस. प्रवेशेच्छू पालकांसाठी एका पानाची प्रश्नावली तयार करावी. बाह्यरुग्ण व आंतररुग्ण विभागांत प्रत्यक्ष आयुर्वेदीय चिकित्सा घेणारे रुग्ण किती, पंचकर्माची केंद्रे विद्यार्थ्यांस खुली आहेत काय, आंतरवासीय कालावधी कोठे जातो, शिकवणारे अध्यापक स्वतः रुग्ण पाहतात काय, असे प्रश्न त्यात असावेत. प्रवेशाच्या हंगामात ही प्रश्नावली प्रत्येक सभासदाच्या दवाखान्यात ठेवावी. पालक विचारू लागले की महाविद्यालये उत्तरे शोधू लागतील.

दुसरी, वीस-पंचवीस वर्षे निष्ठेने आयुर्वेदीय चिकित्सा करणाऱ्या प्रत्येक सभासदाने वर्षाकाठी एका आंतरवासीय विद्यार्थ्यास आपल्या दवाखान्यात काही महिने जवळ बसवावे. त्याला नुसते पाहू देऊ नये. नाडी त्याला पाहू द्यावी, औषधयोजना त्याला प्रथम लिहू द्यावी, मग आपण दुरुस्त करावी. आपल्यापैकी ज्यांच्या हाताला गुण आहे, त्यांच्या हाताला तो असाच कोणा ज्येष्ठ वैद्याजवळ बसून आला.

तिसरी, औषधनिर्मात्यांनी आपल्या निर्मितिशाळेची दारे विद्यार्थ्यांस वर्षातून काही दिवस उघडावीत. घृतसिद्धीची लक्षणे पुस्तकात वाचून समजत नाहीत. फेन कधी शमला आणि वर्ती कशी वळली हे कढईपाशी उभे राहूनच कळते. ज्याने औषध बनताना पाहिले, तो ते विश्वासाने लिहून देतो.

परदेशी स्थायिक झालेल्या एखाद्या नातवाचे आजोबा आपल्याकडे ऑस्टिओपॅथीविषयी विचारावयास आले, तर त्यांस वरील पाच निकष सांगावेत आणि तिसऱ्यावर विशेष भर द्यावा. आणि आपल्याच गावातील एखादा पालक मुलीस बी.ए.एम.एस.ला कोठे घालू असे विचारील, तेव्हाही तोच तिसरा निकष पुढे ठेवावा. तेथे रुग्ण आहेत काय, आणि त्या रुग्णांपाशी आयुर्वेद शिकवला जातो काय? याचे उत्तर 'होय' असे मिळणाऱ्या महाविद्यालयांची संख्या वाढवणे पुष्कळसे आपल्या हाती आहे. संघटनेच्या आगामी सभेत यावर विचार व्हावा आणि प्रश्नावलीचे काम याच वर्षी हाती घ्यावे, ही नम्र विनंती.